एका क्रियापदाचे १३४ अर्थ

सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश १७५५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 'टेक' या एकाच क्रियापदाचे १३४ अर्थ दिलेले आहेत. साध्या क्रियापदामागे 'ऑफ', 'आउट', 'इन' असा एखादा चिमुकला शब्द जोडून त्याचा अर्थच पालटून टाकण्याची इंग्रजीची रीत परकीयांना सर्वांत जड जाते, असेही जॉन्सन यांनी प्रस्तावनेत नोंदवून ठेवले आहे. हा परकीय तुर्की भाषक असला म्हणजे ही अडचण कोणते रूप घेते, ते पाहण्यासारखे आहे. तुर्की आणि मराठी यांचे कूळ वेगळे, पण वाक्याची ठेवण बरीच सारखी. दोन्हींत क्रियापद शेवटी येते आणि विभक्तीचा प्रत्यय नामाच्या मागे लागतो.

गंमत म्हणजे 'टेक' हा शब्द मुळात इंग्रजीचा नव्हेच. जुन्या इंग्रजीत 'घेणे' यासाठी 'निमन' हे क्रियापद होते. जर्मनमधील 'नेमेन' हे त्याचे भावंड. स्कँडिनेव्हियातून आलेले लोक इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वसले, त्यांच्याबरोबर 'ताका' हा शब्द आला आणि पुढच्या काही शतकांत त्याने 'निमन'ला हुसकावून लावले. 'निमन'ची खूण आज 'नंब' (बधिर, म्हणजे मुळात 'पकडला गेलेला') आणि 'निंबल' (चपळ) या शब्दांत तेवढी उरली आहे.

याच काळात आणखी एक बदल झाला. जुन्या इंग्रजीत असे दिशादर्शक शब्द पुष्कळदा क्रियापदाच्या आधी, उपसर्गासारखे येत. संस्कृतात 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात, तसाच हा प्रकार. हळूहळू हे शब्द क्रियापदाच्या मागे गेले आणि सुटे झाले. १०६६ नंतर फ्रेंच-लॅटिन शब्दांचा लोंढा आला, तेव्हा 'रिमूव्ह' दरबारी व ग्रंथांतला ठरला, 'टेक ऑफ' घरातला राहिला. या जोडक्रियापदांना इंग्रजीत जे नाव रूढ आहे, 'फ्रेजल व्हर्ब', ते मात्र अलीकडचे. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ साली ते छापले आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचे सांगितले.

आता तुर्की विद्यार्थ्याकडे वळू. 'टेक'ला त्याच्याकडे 'आल्माक' हा शब्द आहे. श्वास घ्यायला, वेळ घ्यायला, टिपणे घ्यायला तो चालतो. पण फोटो तुर्कीत 'ओढतात' (चेक्मेक), बसमध्ये 'चढतात' (बिन्मेक) आणि परीक्षेत 'शिरतात' (गिर्मेक). इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी 'टेक'च. विमानाचे, बुटांचे आणि एखाद्याची नक्कल करण्याचे 'टेक ऑफ' तुर्कीत तीन निरनिराळ्या क्रियापदांनी सांगावे लागते. आपलेही तेच: विमान उडते, बूट काढतो, नक्कल करतो. सर्वांत फसवा 'येर आल्माक'. शब्दशः 'जागा घेणे', म्हणजे हुबेहूब 'टेक प्लेस'. पण तुर्कीत त्याचा अर्थ 'एखाद्या यादीत, कार्यक्रमात समाविष्ट असणे' असा आहे, इंग्रजीत 'घडणे'. असे शब्दशः जुळणारे जोड अनोळखी शब्दापेक्षा अधिक घातक असतात, कारण विद्यार्थी कोश उघडतच नाही.

याचा अर्थ तुर्की भाषा या बाबतीत दरिद्री आहे असा नव्हे. इंग्रजी जे काम मागे लावलेल्या शब्दाकडून करून घेते, ते तुर्की पुढच्या सविभक्तिक नामाकडून करून घेते. 'एले आल्माक' म्हणजे हातात घेणे, अर्थात एखादा विषय विचारासाठी हाती घेणे. 'इशे आल्माक' म्हणजे कामावर घेणे. 'गोझे आल्माक', शब्दशः डोळ्यात घेणे, म्हणजे धोका पत्करणे. मराठी शिक्षकाला हे समजावून सांगायला नको. हाती घेणे, मनावर घेणे, अंगावर घेणे, डोक्यावर घेणे ही आपली रोजचीच भाषा आहे.

सर्वांत सोप्या शब्दालाच इतके अर्थ का? हार्वर्डचे जॉर्ज झिफ यांनी १९४५ साली याचे गणित मांडले. शब्द जितका अधिक वापरात, तितके त्याचे अर्थ अधिक. आणि अर्थांची संख्या वारंवारतेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे शंभरपट अधिक वापरल्या जाणाऱ्या शब्दाला सरासरीने दहापट अर्थ. हा कल आहे, अचूक नियम नव्हे. पण भाषेत असे काही मोजता येते हेच मला विलक्षण वाटते.

हा कल ध्यानात घेतला की चार्ल्स ऑग्डेन यांच्या 'बेसिक इंग्लिश'ची (१९३०) गोम कळते. एकंदर ८५० शब्द, त्यांत क्रियापदे अवघी अठरा! ऐकणाऱ्याला वाटावे, वर्षभरात भाषा आली. पण बाकीची क्रियापदे टाकून दिल्यावर त्यांचे काम कोणी करायचे? 'टेक', 'गेट', 'पुट' यांनीच, मागे छोटे शब्द लावून. तुर्की विद्यार्थ्याला ८५१ वा शब्द पाठ करणे परवडले असते. यादी आखूड झाली, ओझे तेवढेच राहिले.

मायकेल वेस्ट यांनी हे ओळखले होते. ते ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते, बंगालमधील मुले इंग्रजी वाचताना कोठे अडखळतात हे त्यांनी जवळून पाहिले होते. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सुमारे दोन हजार शब्दांच्या यादीत प्रत्येक शब्दाचा कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो, याचेही आकडे आहेत. कोणता अर्थ आधी शिकवावा आणि कोणता खुशाल पुढे ढकलावा, हे शिक्षकाला त्यावरून ठरवता येते. माझ्या मते ८५० च्या यादीपेक्षा या आकड्यांचे मोल कितीतरी अधिक आहे.

१९८५ साली दागुत आणि लाउफर यांनी इस्राएलमधील हिब्रू भाषक विद्यार्थ्यांची पाहणी केली. हिब्रूतही अशी जोडक्रियापदे नाहीत. हे विद्यार्थी जोडक्रियापद टाळून त्याच अर्थाचे एकशब्दी क्रियापद पसंत करीत, असे आढळले. टाळलेला शब्द चुकत नाही, म्हणून उत्तरपत्रिकेत त्यावर लाल रेघही येत नाही. आपल्या वर्गात त्याचा शोध घ्यायला एक वाक्य पुरेल. मराठीत परीक्षा विद्यार्थी 'देतो' आणि शिक्षक 'घेतो'. इंग्रजीत 'टेक' करणारा विद्यार्थी असतो. हे वाक्य इंग्रजीत करायला सांगावे आणि किती जण 'टेक' लिहितात, किती 'गिव्ह' लिहितात आणि किती जण दोन्ही चुकवून तिसरेच क्रियापद शोधतात, ते मोजावे.