नंदूपासून रिझवानपर्यंत : पडद्यावरची स्वमग्नता

माझ्या धाकट्या भावाला नाशिकच्या सीबीएसवरून सुटणाऱ्या एसटीच्या वेळा तोंडपाठ आहेत. सटाणा, पेठ, कळवण, कुठलीही विचारा. सकाळी सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या चुकल्या तर त्याचा दिवस सुरूच होत नाही. आता त्याने पन्नाशी ओलांडली आहे. त्याच्या लहानपणी आमच्या गल्लीत त्याच्यासाठी 'तंद्रीतला', 'विक्षिप्त' आणि चिडल्यावर 'येडा' एवढेच शब्द होते. 'स्वमग्न' हा शब्द घरात आला तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. शब्द नव्हता तेव्हाही माणसं होतीच. मग रंगभूमीवर आणि पडद्यावर ती कशी दिसत होती? या प्रश्नापायी गेली काही वर्षं मी जुन्या कलाकृती पुन्हा पाहत आलो आहे.

वैद्यकातला इतिहास फार जुना नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर यांचा निबंध आला. आपल्याकडे मात्र १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातही स्वमग्नतेला जागा नव्हती. ती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात मिळाली आणि २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत तिची स्वतंत्र नोंद झाली. तोवर सगळ्यांसाठी 'मतिमंद' हा एकच खण होता. नाशकात रजनी लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनीची शाळा सुरू केली. पण आमच्या वडिलांना तिथे चौकशीला जाण्याचीही लाज वाटली. ही चूक आमच्या घराची.

त्या एकाच खणाच्या काळातल्या दोन मराठी कलाकृती महत्त्वाच्या आहेत. जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकात मतिमंद मुलाच्या आईबापांची घुसमट आहे. त्यातल्या बापाची भूमिका करणारे दिलीप प्रभावळकर १९९१ मध्ये संजय सूरकर यांच्या 'चौकट राजा'त स्वतः नंदू झाले. नंदू स्वमग्न नव्हे. लहानपणच्या अपघातामुळे त्याची बौद्धिक वाढ थांबलेली आहे. तरीही आमच्यासारख्या घरांना पडद्यावर भेटलेला तो पहिला नातेवाईक होता. मात्र दोन्हीकडे खरा भार आजूबाजूच्यांवर आहे: आईबापाची चिंता, बालमैत्रिणीची घालमेल. आम्ही रडलो ते आमच्यासाठी. शेजारी बसलेला भाऊ मध्यंतरात किती वाजले ते विचारत होता.

दुसरा साचा बाहेरून आला. १९८८ च्या 'रेन मॅन'मध्ये डस्टिन हॉफमन यांनी रेमंड साकारला आणि ऑस्कर मिळवलं. रेमंडची कल्पना ज्यांच्यावरून सुचली ते किम पीक अफाट स्मरणशक्तीचे होते, पण ते स्वमग्न नव्हते असं पुढे सांगितलं गेलं. तोवर 'स्वमग्न म्हणजे अचाट बुद्धीचा' हे समीकरण जगभर रुजलं होतं. हिंदीत 'युवराज'मधला (२००८) अनिल कपूरचा गायक ज्ञानेश त्याच वाटेवरचा. हा साचा दिसतो कौतुकाचा, पण तो जाचतो. आमच्याकडे आलेले पाहुणे भावाला तारखेवरून वार विचारत. एखादा चुकला की, "मग याला येतं तरी काय?"

२००९ मध्ये झी टीव्हीवर 'आपकी अंतरा' ही मालिका आली. पाच वर्षांची स्वमग्न अंतरा रोज संध्याकाळी घराघरांत दिसू लागली. माझ्या आईने 'ऑटिझम' हा शब्द पहिल्यांदा तिथे ऐकला. कायद्याने दहा वर्षांपूर्वी स्वीकारलेला शब्द आमच्या स्वयंपाकघरात पोचवला तो मालिकेने.

१२ फेब्रुवारी २०१० ला 'माय नेम इज खान' प्रदर्शित झाला. महाराष्ट्रात चर्चा झाली ती शिवसेनेच्या विरोधाची आणि टॉकीजबाहेरच्या पोलिसांची. नायकाच्या अॅस्पर्गरविषयी फार कमी बोललं गेलं. पुढे तो टीव्हीवर लागला, तेव्हा भाऊ माझ्या शेजारी होता. रिझवानला पिवळा रंग सोसत नाही, हे कळल्यावर भाऊ पडद्याकडे पाहतच म्हणाला, "त्याचा पिवळा. माझा कुकर."

आयुष्यभर कुकर लागला की तो घराबाहेर पडायचा. कामं टाळतो म्हणून त्याने वडिलांचा मारही खाल्ला होता. ते शिटीपायी होतं, हे चाळीस वर्षांत आम्ही कुणी विचारलंच नाही. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे भात पातेल्यात होतो.

हा चित्रपट निर्दोष नाही. जगाने स्वीकारावं म्हणून रिझवानला थेट अमेरिकेच्या अध्यक्षांपर्यंत जावं लागतं, वादळात गावाच्या मदतीला धावावं लागतं. साध्या स्वमग्न माणसाला साधेपणाने जगू देणारी गोष्ट अजून दुर्मीळच आहे. पण माझ्या शोधातून एक गोष्ट नक्की झाली. रडवणाऱ्या प्रसंगांत आपण, म्हणजे घरचे, स्वतःला ओळखतो. ज्याच्यावर गोष्ट आहे तो स्वतःला ओळखतो बारीकशा तपशिलात.

असे तपशील आणायचे तर ती माणसंच पडद्यावर यायला हवीत. २०१४ च्या मराठी 'यलो'मध्ये डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःचीच भूमिका करते. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. डाऊन सिंड्रोम वेगळा, स्वमग्नता वेगळी, पण दार उघडलं ते इथे. २०२५ च्या 'सितारे जमीन पर'मध्ये अशा दहा कलाकारांनी एकत्र काम केलं.

तो पाहायला भावाला घेऊन गेलो होतो. कसा वाटला, असं बाहेर आल्यावर विचारलं. म्हणाला, "आवाज मोठा होता." पुढच्या वेळी कानात घालायला कापूस नेणार आहे.