बारावीनंतर बीएस्सी ॲग्री करायचंय? आधी हे वाचा : प्रवेश, खर्च, नोकरी आणि धंदा

बारावी सायन्सचा निकाल लागला की गावोगावी एकच प्रश्न असतो, 'ॲग्रीला टाकू का?' घरची शेती आहे, मुलाला-मुलीला आवड आहे, म्हणून बरेच पालक हा रस्ता धरतात. रस्ता चांगलाच आहे. पण पदवी हातात आली म्हणजे नोकरी आपोआप लागते, असं होत नाही. पुढच्या प्रत्येक वाटेला वेगळी परीक्षा, वेगळा परवाना किंवा पुढचं शिक्षण लागतं. ते आधीच माहीत असलं, तर चार वर्षं आणि पैसा दोन्ही वाया जात नाहीत.

कुठे शिकता येतं?

राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत.

- महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी : पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेश
- डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला : विदर्भ
- वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी : मराठवाडा
- डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली : कोकण

विद्यापीठाची स्वतःची ती घटक महाविद्यालयं. खासगी संस्थांची पण विद्यापीठाला जोडलेली ती संलग्न महाविद्यालयं. दोन्हींची पदवी विद्यापीठच देतं. फीमध्ये मात्र मोठा फरक असतो, म्हणून पसंतीक्रम भरताना घटक महाविद्यालयं आधी टाका.

बीएस्सी (ऑनर्स) कृषी हा अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे आठ सत्रांचा आहे. शिवाय उद्यानविद्या, वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी, अन्नतंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान याही पदव्या आहेत. जनावरांचा डॉक्टर व्हायचं असेल तर वाट वेगळी. त्यासाठी नीट परीक्षा द्यावी लागते आणि ते शिक्षण नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत मिळतं.

प्रवेश कसा होतो?

बारावी सायन्स आणि एमएचटी-सीईटी. फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स किंवा फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी, कोणताही गट चालतो. फेऱ्या राज्याचा सीईटी सेल ऑनलाइन घेतो. देशपातळीवरच्या काही जागा सीयूईटी परीक्षेतून भरतात. दुसऱ्या राज्यात शिकायचं असेल तर तीही द्या.

कागदपत्रं निकालाआधीच जमवा :

- सातबारा आणि शेतजमीनधारक असल्याचा दाखला (शेतकरी कुटुंबातील मुलांना नियमानुसार अधिभाराचे गुण मिळतात)
- अधिवास दाखला
- जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर (लागू असेल तर)
- उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं

जात वैधतेला वेळ लागतो. अकरावीतच अर्ज केलेला बरा.

फीचं काय?

आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस कुटुंबांतील मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ आहे. कृषी पदवी त्यात येते. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे, तर वसतिगृह किंवा भाड्याच्या खोलीसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. फीमाफी सरकारी फेरीतून (कॅप) झालेल्या प्रवेशाला आहे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. त्यामुळे एजंटाच्या नादी लागून, जमीन गहाण टाकून डोनेशन भरण्याआधी दहा वेळा विचार करा. कॉलेज विद्यापीठाच्या संलग्न यादीत आहे का, तिथे कायम शिक्षक किती, स्वतःची शेती आणि प्रयोगशाळा आहे का, हे स्वतः जाऊन बघा. खासगी विद्यापीठ असेल तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची मान्यता आणि शिष्यवृत्ती लागू आहे का, हे लेखी मागा.

शिकवतात काय?

माती, पिकं, फळबाग, कीड, रोग, बियाणं, दूध व्यवसाय, अवजारं, बाजारभाव, विस्तार. शिकवणं इंग्रजीत असतं, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांना पहिलं वर्ष जड जातं. टिकून राहिलं की जमतं. सातव्या सत्रात मुलं गावात येऊन शेतकऱ्यांसोबत काम करतात. आपल्या गावात येणारे 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' ते हेच.

पदवीनंतर कोणत्या वाटा?

*सरकारी नोकरी :* कृषी उपसंचालक, तालुका कृषी अधिकारी, मंडळ कृषी अधिकारी ही पदं एमपीएससीच्या कृषी सेवा परीक्षेतून भरतात. कृषी सहायकाची (आता सहायक कृषी अधिकारी) भरती वेगळी निघते. जागा थोड्या आणि अर्ज भरपूर, जाहिरातही दरवर्षी येईलच असं नाही. म्हणून फक्त याच एका आशेवर बसू नका.

*बँक :* आयबीपीएसमार्फत सरकारी बँकांत कृषी क्षेत्र अधिकारी घेतले जातात. त्यासाठी चार वर्षांची पदवीच लागते, दहावीनंतरची पदविका चालत नाही. नाबार्डची ग्रेड ए परीक्षाही देता येते. तयारी तिसऱ्या वर्षापासून करा.

*पुढचं शिक्षण :* एमएस्सी, पीएचडी आणि नेट झाल्यावर प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ होता येतं. वेळ जास्त लागतो, घरच्यांना तशी कल्पना द्या.

*खासगी नोकरी :* बियाणं, खतं, औषधं, ठिबक कंपन्या, साखर कारखान्याचा शेतकी विभाग, शेतकरी उत्पादक कंपन्या, फळं-भाजीपाला निर्यातदार. इथे काम लवकर मिळतं. पण फिल्डवर रोज फिरावं लागतं आणि विक्रीचं टार्गेट असतं. शेतकऱ्याशी नीट बोलणारा मुलगा किंवा मुलगी इथे पुढे जाते.

*स्वतःचा धंदा :* कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला शिक्षणाची अट आहे आणि कृषी पदवीवर ती पूर्ण होते. म्हणून कृषी सेवा केंद्र ही सरळ वाट. रोपवाटिका, माती परीक्षण, अवजार बँक, प्रक्रिया उद्योग हेही आहेत. केंद्राच्या 'कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र' योजनेत (2002 पासून) मोफत निवासी प्रशिक्षण मिळतं. एका व्यक्तीला 20 लाखांपर्यंतच्या प्रकल्पासाठी बँक कर्जावर 36 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 44 टक्के अनुदानाची सोय आहे. मात्र कर्ज मंजूर करणं बँकेच्या हातात असतं, त्यामुळे प्रकल्प अहवाल नीट हवा.

शेवटचं

प्रवेश घेण्याआधी घरात बसून ठरवा : परीक्षा द्यायची, पुढे शिकायचं, कंपनीत जायचं की धंदा करायचा? दुसऱ्या वर्षापर्यंत एक वाट नक्की करा आणि जोडीला दुसरी तयार ठेवा. घरची शेती असेल तर शिकलेलं आधी अर्ध्या एकरावर करून बघा. कुठल्याही मुलाखतीत त्यावर बोलता येतं, आणि नोकरी नाही लागली तरी ते वाया जात नाही.

तारखा आणि अटी दरवर्षी बदलतात. सीईटी सेलची माहितीपुस्तिका स्वतः उघडून वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजवर जाऊ नका.