इपॉक्सी की पॉलिस्टर? सर्फबोर्डला चुकीचं रेझिन लावलं, तर खड्डा बुजायच्या ऐवजी मोठा का होतो?

५ डिसेंबर २००५, सोमवार. त्या दिवशी सर्फबोर्ड बनवणाऱ्या कारागिरांच्या फॅक्स मशीनमधून सात पानांचं एक पत्र बाहेर पडलं. पत्र पाठवलं होतं गॉर्डन क्लार्क यांनी. कॅलिफोर्नियातली त्यांची ‘क्लार्क फोम’ ही कंपनी सर्फबोर्डच्या आतला फोम बनवायची आणि अमेरिकेतला बहुतांश बाजार तिच्याच हातात होता. पत्राचा मतितार्थ एका ओळीचा होता: कंपनी बंद करतोय.

फोमच्या कच्च्या ठोकळ्याला या धंद्यात ‘ब्लँक’ म्हणतात. म्हणून सर्फिंगच्या जगात हा दिवस ‘ब्लँक मंडे’ या नावाने ओळखला जातो. क्लार्क यांनी कारण दिलं ते पर्यावरणाच्या आणि कामगारांच्या सुरक्षेच्या नियमांचं, आणि त्यातून उभ्या राहू शकणाऱ्या खटल्यांचं. त्यांचा फोम बनवायला टोल्युइन डायआयसोसायनेट हे विषारी रसायन लागायचं. कंपनीने आपले साचेसुद्धा फोडून टाकले. ब्लँकचे भाव भडकले आणि ज्याच्याकडे साठा होता तो राजा झाला.

मग अनेक कारागीर दुसऱ्या फोमकडे वळले. हा फोम म्हणजे आपल्या ओळखीच्या थर्माकोलचाच जास्त दाट आणि मजबूत भाऊ. पण इथे एक अडचण होती. हातात अनेक वर्षं मुरलेलं पॉलिस्टर रेझिन या नव्या फोमला लावलं, की फोम विरघळायचा. म्हणजे फोम बदलायचा तर रेझिनही बदलणं आलं.

‘इपॉक्सी चांगलं की पॉलिस्टर?’ या प्रश्नाचं उत्तर शोधताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. कुठलं रेझिन लावायचं हे आधी आतला फोम ठरवतो. बाकीचे फायदे-तोटे त्यानंतर.

सर्फबोर्ड आतून असतो कसा?

मध्ये फोमचा ठोकळा. बऱ्याच बोर्डांत त्याच्या मधोमध लाकडाची एक पातळ उभी पट्टी असते, तिला स्ट्रिंगर म्हणतात. बोर्डला कणा देण्याचं काम ती करते. फोम तासून आकार दिला की त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड, म्हणजे फायबरग्लास अंथरतात. हे कापड बहुतेक वेळा ४ किंवा ६ औंसाचं असतं. मग त्यावर पातळ रेझिन ओतून ते कापडात मुरवतात. रेझिन कडक झालं की कापड, रेझिन आणि फोम मिळून एक कवच तयार होतं. लाटेचा मार, पायाचा दाब आणि खडकाचा धक्का हे कवच झेलतं.

फोम मुख्यतः दोन प्रकारचे. एक पॉलियुरेथेन, जो क्लार्क बनवायचे. दुसरा ईपीएस म्हणजे एक्सपांडेड पॉलिस्टायरिन, थर्माकोलच्या घराण्यातला. रेझिनही मुख्यतः दोन: पॉलिस्टर आणि इपॉक्सी.

दोन फोम, दोन रेझिन, म्हणजे जोड्या झाल्या चार. त्यातल्या तीन चालतात. पॉलियुरेथेनवर पॉलिस्टर चालतं, पॉलियुरेथेनवर इपॉक्सी चालतं, ईपीएसवर इपॉक्सी चालतं. ईपीएसवर पॉलिस्टर मात्र चालत नाही.

का चालत नाही?

थर्माकोलवर पेट्रोल किंवा नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन पडलं की काय होतं, हे अनेकांनी शाळेच्या प्रोजेक्टच्या वेळी पाहिलेलं असतं. थर्माकोल बघता बघता चिकट लगद्यासारखा होतो. पॉलिस्टर रेझिन पातळ राहावं म्हणून त्यात स्टायरिन नावाचं द्रव मिसळलेलं असतं. पॉलिस्टायरिन हे याच स्टायरिनच्या साखळ्यांपासून बनतं, त्यामुळे हे द्रव त्याला सहज विरघळवतं. दुरुस्तीसाठी खड्ड्यात पॉलिस्टर ओतलं, तर ते कडक होईपर्यंत आतला फोम खात सुटतं. अंगठ्याएवढ्या खड्ड्याच्या जागी मुठीएवढी पोकळी तयार होते.

ही अडचण २००५ च्याही खूप आधीची आहे. १९४० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियाच्या बॉब सिमन्स यांनी पॉलिस्टायरिन फोमचे बोर्ड बनवून पाहिले होते. रेझिन फोमपर्यंत पोचू नये म्हणून त्यांनी फोमला पातळ प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचं आवरण घातलं आणि फायबरग्लास त्याच्यावर चढवलं. पुढे १९५८ च्या सुमारास होबी अल्टर आणि त्यांच्याकडे काम करणारे गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमवर हात बसवला. हा फोम पॉलिस्टरला दाद देत नव्हता. १९५९ साली ‘गिजेट’ हा हॉलिवूडपट आला, सर्फिंगची लाट उसळली आणि पॉलियुरेथेन-पॉलिस्टर ही जोडी पुढची अनेक दशकं राज्य करून गेली.

दोन्ही रेझिनचा स्वभाव वेगळा

इपॉक्सी समजून घ्यायचं तर घरातलं अ‍ॅराल्डाइट किंवा एम-सील आठवा. दोन भाग येतात आणि ठरलेल्या प्रमाणात मिसळावे लागतात. सर्फबोर्डच्या इपॉक्सीचंही तसंच. एखाद्या कंपनीने दोनास एक असं प्रमाण दिलं असेल, तर १०० मिलिलिटर रेझिनला ५० मिलिलिटर हार्डनर. इथे हार्डनरचा प्रत्येक कण रेझिनशी जोडला जाऊन त्या प्लास्टिकचाच भाग होतो. म्हणून ‘जरा जास्त हार्डनर टाकू, लवकर सुकेल’ हा जुगाड चालत नाही. प्रमाण चुकलं तर रेझिन कायमचं चिकट किंवा मऊ राहतं आणि सगळं खरवडून काढावं लागतं. प्रमाण मापावर दिलंय की वजनावर, हेही बघावं लागतं, कारण दोन्ही द्रवांची घनता सारखी नसते.

पॉलिस्टरचा हिशोब वेगळा. त्यात एमईकेपी नावाचं रसायन थेंबांनी मोजून टाकतात, साधारण १ ते २ टक्के. ते फक्त प्रक्रिया सुरू करून देतं. थोडं कमी टाकलं तर रेझिन हळू जमतं, थोडं जास्त टाकलं तर पटकन. गॅरेजमध्ये गाडीचा पोचा भरताना पुट्टीत चिमूटभर हार्डनर घालतात, तोही याच जातीचा प्रकार. उन्हात धरलं की कडक होणारं पॉलिस्टरही मिळतं. त्यात थेंब मोजायची भानगडच नसते.

पॉलिस्टरची आणखी एक खोड म्हणजे हवेच्या संपर्कात त्याचा वरचा थर चिकट राहतो. म्हणून शेवटच्या थराच्या रेझिनमध्ये मेण मिसळलेलं असतं. ते वर तरंगून हवा अडवतं आणि मग पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासता येतो. इपॉक्सीला मेण लागत नाही, पण दमट हवेत त्याच्यावर तेलकट साय येऊ शकते. पुढचा थर देण्याआधी ती पाण्याने धुवून पृष्ठभाग घासला नाही, तर वरचा थर नीट धरत नाही.

मग चांगलं कुठलं?

मजबुतीत इपॉक्सी पुढे आहे. ते जास्त लवचीक असतं, कापडाला आणि फोमला घट्ट धरतं, जमताना कमी आकसतं. त्याच धक्क्याला पॉलिस्टर आधी तडकतं. ईपीएस आणि इपॉक्सीचा बोर्ड वजनाला हलका असतो आणि पाण्यावर जास्त तरंगतो. बारीक लाटांत त्याचा फायदा होतो.

मग पॉलिस्टर संपलं का नाही? कारण ते स्वस्त आहे, लवकर जमतं आणि घासायला सोपं जातं. साधारण अर्ध्या तासात ते घट्ट होतं आणि त्याच दिवशी बोर्ड घासता येतो. इपॉक्सीला रात्रभर थांबावं लागतं आणि पूर्ण ताकद यायला काही दिवस जातात. शिवाय पॉलियुरेथेन-पॉलिस्टरचा बोर्ड जरासा जड असल्यामुळे खडबडीत पाण्यात थडथडत नाही, लाटेला धरून चालतो. हा अनुभव आवडणारे कसलेले सर्फर आजही कमी नाहीत. क्लार्क फोम बंद झाल्यावर दुसऱ्या कंपन्यांनी ती पोकळी भरली आणि हा प्रकार टिकला.

ईपीएसचं दुखणं म्हणजे पाणी. कवचाला चीर पडली की दाण्यादाण्यांमधल्या फटींतून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला बराच वेळ घेतं. उष्णतेचाही त्रास होतो. बंद गाडीत किंवा भर उन्हात बोर्ड तापला की आतली हवा फुगते आणि कवच फोमपासून सुटून फुगा येतो. म्हणूनच काही ईपीएस बोर्डांवर हवा जायला छोटं झाकण दिलेलं असतं. ‘इपॉक्सी बोर्ड तुटत नाही’ ही त्यामुळे फक्त दुकानात ऐकायची गोष्ट. तोही तुटतो, आणि भिजला तर जास्त त्रास देतो.

बोर्डला खड्डा पडलाय, आता काय करायचं?

पहिलं काम, पाण्याबाहेर या. चिरलेल्या बोर्डवर ‘अजून एक लाट’ घेतली की दुरुस्ती दुप्पट होते. खड्ड्याचं तोंड खाली करून बोर्ड सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या. ओल्या फोमवर कुठलंच रेझिन टिकत नाही.

दुसरं, आत काय आहे ते ओळखा. बोर्डवर लिहिलेलं असेल तर उत्तमच. नसेल तर खड्ड्यात नीट बघा. थर्माकोलसारखे गोल दाणे दिसले तर ईपीएस. दाणे नसून बारीक पावडर सुटणारा फोम असेल तर बहुधा पॉलियुरेथेन. तरीही शंका असेल तर फोमचा सुटलेला कण बोर्डपासून लांब, काचेच्या वाटीत ठेवा आणि त्यावर अ‍ॅसिटोनचा थेंब टाका. कण विरघळला, तर तो पॉलिस्टायरिन आहे.

तिसरं, रेझिन निवडा. ईपीएस असेल तर फक्त इपॉक्सी. पॉलियुरेथेन फोम आणि पॉलिस्टरचं कवच असेल तर दोन्ही चालतात. पण पॉलियुरेथेन फोमवर कवच इपॉक्सीचं असेल, तर दुरुस्तीही इपॉक्सीनेच करा. कडक झालेल्या इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट चिकटत नाही, काही दिवसांत पापुद्रा सुटतो. उलट पॉलिस्टर घासून खडबडीत केलं की त्यावर इपॉक्सी छान बसतं. त्यामुळे काहीच कळत नसेल तर इपॉक्सी हाच सुरक्षित पर्याय. उन्हात जमणाऱ्या ट्यूबा घेताना वेष्टन वाचणं इथे फार महत्त्वाचं आहे. त्यातल्या बऱ्याच पॉलिस्टरच्या असतात.

पुढचं काम दोन्हीकडे सारखंच. सुटलेलं कवच कापून काढायचं, कडेची जागा घासायची, खड्डा भरायचा, वर कापडाचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून बसवायचे आणि जमल्यावर घासून सपाट करायचं. एका वेळी लागेल तेवढंच रेझिन कालवा. दोन्ही रेझिन जमताना तापतात. भांड्यात जास्त रेझिन साचून राहिलं तर धूर निघेपर्यंत तापू शकतं.

वास येत नाही म्हणजे सुरक्षित नाही

पॉलिस्टरचा तो नाकात बसणारा वास स्टायरिनचा. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्टायरिनला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

इपॉक्सीला वास कमी, म्हणून अनेक जण ते उघड्या हाताने वापरतात. इथेच घात होतो. इपॉक्सी आणि त्याचा हार्डनर त्वचेला लागत राहिला तर अ‍ॅलर्जी होऊ शकते. एकदा ती झाली की सहसा आयुष्यभर राहते आणि नंतर थोड्याशा संपर्कानेही खाज, पुरळ उठतं. बोर्ड बनवणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ कामच सोडावं लागणं असाही होऊ शकतो. हाताला लागलेलं रेझिन अ‍ॅसिटोनने पुसू नका, साबणाने धुवा. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा आणि खेळती हवा दोन्ही रेझिनला लागतात. स्टायरिनच्या वाफेसाठी रासायनिक वाफा गाळणारा मास्क लागतो, साधा कापडी मास्क तिथे कामाचा नाही. घासताना उडणाऱ्या काचेच्या धुळीसाठी धूळ गाळणारा मास्क हवाच.

ही काळजी फक्त सर्फर लोकांसाठी नाही. लग्नाच्या वरमाला रेझिनमध्ये जपून ठेवण्याचा व्यवसाय आज घरोघरी चालतो, आणि तिथेही इपॉक्सीच वापरतात. कोकणातल्या फायबरच्या होड्यांना लागतं ते पॉलिस्टर. कर्नाटकातलं मुल्की, तमिळनाडूतलं कोवलम आणि गोव्याचे किनारे इथे सर्फिंग शिकायला जाणारे मराठी तरुणही वाढतायत. शिकताना हातात सहसा मऊ वरच्या थराचा सॉफ्टबोर्ड मिळतो. त्याच्याही आत बहुतेक वेळा थर्माकोलच्या घराण्यातला फोम असतो, त्यामुळे होडीच्या कामातलं उरलेलं पॉलिस्टर त्याच्या चिरेत ओतायचा विचार आला तर तो तिथेच सोडून द्या.

जुना बोर्ड विकत घेताना म्हणूनच दोन प्रश्न विचारून ठेवा: आत फोम कुठला आहे आणि वरचं कवच कुठल्या रेझिनचं आहे. उत्तर मिळालं की बोर्डच्या खालच्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पहिला खड्डा पडेल तेव्हा तेवढ्या दोन शब्दांवर अख्खी दुरुस्ती ठरणार आहे.