ठासणीच्या बंदुकीची साक्ष

एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर बंदूक सापडली की आपण प्रथम तिचा दस्ता न्याहाळतो, पितळ चिंचेने घासतो आणि ती दिवाणखान्यात टांगून मोकळे होतो. हा प्रमाद आम्हीही केला आहे. परंतु बंदुकीचा खरा इतिहास तिच्या झिलईत नसतो. पुष्कळदा तो नळीच्या आत दडलेला असतो.

पेशवाईतील तोड्याची बंदूक जळत्या वातीने बार घेई, चकमकीची बंदूक गारगोटीच्या ठिणगीने. पावसात दोन्ही दगा देत. १८०७ साली फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले. पुढे या दारूची तांब्याची इवलीशी टोपी झाली. बंदूक ठासायची, नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ खुंटीवर टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. घोडा टोपीवर आदळला की बार उडे. १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीत याच टोपीला मळसूत्री खाचांच्या नळीची जोड मिळाली. गोळी गरगर फिरत जाई आणि दूरवर अचूक लागे.

याच बंदुकीच्या काडतुसावरून १८५७ साली काय भडका उडाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याची झळ आपल्या जिल्ह्यालाही लागली. ऑक्टोबर १८५७ मध्ये सिन्नर तालुक्यातील नांदूरशिंगोटे येथे भागोजी नाइकाच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री हा पोलीस अधिकारी पडला.

यानंतर राज्यकर्त्यांनी काय केले? हिंदी शिपायांसाठी त्यांनी १८५८ च्या नमुन्याची निराळी एन्फील्ड काढली. रूप तेच, घोडा तोच, टोपी तीच. परंतु नळीतील खाचा नाहीशा झाल्या. ०.५७७ इंचाचे भोक सुमारे ०.६५ इंच रुंद व गुळगुळीत झाले. शिपायाने गोळी झाडावी, पण ती फार दूर नेमकी लागू नये, असा हा हिशेब होता. आणि त्याच सुमारास, १८६० साली, इंग्लंडात ईटन आणि रग्बी येथील शाळकरी मुलांची बंदूकधारी पथके उभी राहत होती! तिकडे पोराच्या हाती बंदूक दिली जात होती, इकडे पलटणीतल्या जवानाच्या नळीवरही विश्वास नव्हता.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत हत्यारांचा कायदा झाला आणि सामान्य माणसाच्या घरातूनही शस्त्र गेले. नाशिकला डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी भोसला मिलिटरी स्कूल स्थापन केले ते १९३७ साली. टोपीच्या बंदुकीचा जमाना तेव्हा केव्हाच सरला होता. पण शाळकरी मुलाने नेम धरायला शिकणे ही इथे केवढी मोठी गोष्ट होती, हे त्या गुळगुळीत नळीवाचून कळत नाही.

म्हणून संग्रह करणारांना आमचे सांगणे एवढेच. प्रथम, बंदूक भरलेली नाही ना, याची जाणकाराकडून खात्री करून घ्या; जुना बारही जीव घेतो. परवान्याची चौकशी करा, कारण जुनी असली तरी चालू शकणारी बंदूक कायद्यातून सुटत नाही. घोड्याजवळच्या पट्टीवरील मुकुट, सिंह, सालाचे आकडे घासून पुसू नका. ती कोणत्या घरातून, कोणत्या गावातून आली ते कागदावर लिहून ठेवा. नाव-गाव हरवलेली बंदूक म्हणजे नुसते लोखंड आणि लाकूड. तिची हकिगत जपली, तरच ती साक्ष देते.