भिंतीचा ठेका

१६ डिसेंबर १९७२. पुणे, सदाशिव पेठ. दुष्काळाचं वर्ष, पण थंडी वेळेवर आली आहे. भरत नाट्य मंदिराबाहेर तुम्ही सायकल लावता आणि मफलर सैल करत आत शिरता. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचं नवं नाटक आहे, विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’. दिग्दर्शक जब्बार पटेल पेशानं डॉक्टर. ऐतिहासिक म्हणजे भरजरी वाडा आणि पल्लेदार स्वगतं, अशी मनाची तयारी करून तुम्ही खुर्चीत रेलता.

वाडा नाहीच. ब्राह्मणांची एक रांग डुलत गाते आहे. गणपती नाचून जातो. रांगेनं पाठ फिरवली की भिंत उभी राहते, तोंड वळवलं की पुणं. भास्कर चंदावरकरांच्या संगीतात कीर्तनाची लावणी कधी झाली, हे आधी तुमच्या पायाला कळतं. तो ठेका धरतो. कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेल्या पावलांवर पुणेकर रात्रीचे नायकिणींच्या बावनखणीकडे निघतात, सूत्रधार त्यांना चिमटे काढतो. तुम्ही खो खो हसता. शेजारचे काका मात्र हसावं की उठून जावं, या पेचात.

कनौजहून आलेल्या घाशीरामावर चोरीचा खोटा आळ येतो. मार खाऊन तो सुडाची शपथ घेतो आणि कोतवालीच्या बदल्यात पोटची पोर पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांच्या हवाली करतो. मोहन आगाशेंचा नाना लाडात येतो. तुम्ही हसायला तोंड उघडता आणि तसेच राहता. भिंतीपलीकडे काय चाललंय, ते कळलेलं असतं. भिंत डुलतेच आहे.

पुढे घाशीरामाच्या कोतवालीत एका निरपराधाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवतात. घाशीरामाची मुलगी मरते. कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरतात. चिडलेला जमाव घाशीरामाला ठेचतो. १७९१ मध्ये पुण्यात खरोखर असंच घडलं होतं. नाना हात झटकून उत्सव जाहीर करतात. रांग पुन्हा गाऊ लागते आणि तुमचा पाय आपसूक हलतो. तुम्ही तो दाबून धरता.

बाहेर सायकलींची गर्दी. पुढचं या गर्दीत फक्त तुम्हाला ठाऊक आहे. १९ प्रयोगांनंतर संस्थाच हे नाटक थांबवेल. नानांची आणि ब्राह्मणांची बदनामी झाल्याची ओरड होईल. कलावंत बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकादमी काढतील, जानेवारी १९७४ मध्ये प्रयोग पुन्हा लावतील आणि १९८० मध्ये हीच भिंत युरोपच्या रंगमंचांवर डुलेल.