जोडीतील एक नाव : ज्वाला गुट्टा आणि भारतीय दुहेरी बॅडमिंटन



इतिहासाच्या व्याख्यानासाठी एका बॅडमिंटनपटूची कारकीर्द निवडली, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. या व्यासपीठावरून आपण एरवी राजवटी, लढे आणि संस्थाने यांविषयी ऐकतो. परंतु जी वाट वर्ध्याच्या मुलखातून हिंगणघाट, पांढरकवडा करीत पैनगंगा ओलांडते, आपल्या आदिलाबादेतून जाते आणि घाट उतरून निर्मळमार्गे हैदराबादेस पोहोचते, त्या वाटेच्या दोन टोकांना जोडणारे हे चरित्र आहे. ज्वाला गुट्टा यांचा जन्म ७ सप्टेंबर १९८३ रोजी वर्ध्यात झाला. वडील तेलुगू, आई चिनी वंशाची. आणि आईच्या घराण्याचा सेवाग्रामशी संबंध गांधीविचाराच्या ओढीने जडलेला. मुलगी घडली ती मात्र हैदराबादेत, सय्यद मोहम्मद आरिफ या साक्षेपी प्रशिक्षकाच्या हाताखाली.

याच १९८३ साली प्रकाश पदुकोण यांनी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धेतील भारताचे ते पहिले पदक. दुसऱ्या पदकासाठी अठ्ठावीस वर्षे वाट पाहावी लागली, आणि ते आणले एका जोडीने. ही गोष्ट आज किती जणांच्या स्मरणात आहे?

ज्या देशातील पुण्याच्या छावणीत १८७० च्या दशकात या खेळाचे आरंभीचे नियम बांधले गेले, त्या देशात दुहेरीकडे पाहण्याची दृष्टी फार काळ कनिष्ठच राहिली. एकेरीत जमले नाही म्हणजे दुहेरी, असा जणू अलिखित संकेत होता. अपवाद होते. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांनी पुरुष दुहेरीत कांस्यपदक मिळविले. गंधे यांनी कंवल ठाकर सिंग यांच्यासमवेत मिश्र दुहेरीतही कांस्य जिंकले. तथापि आयुष्यभराचा व्यवसाय म्हणून दुहेरीच पत्करावी, असे वातावरण नव्हते.

वस्तुतः दुहेरी ही निराळीच विद्या आहे. लांबी तीच चव्वेचाळीस फूट, पण रुंदी सतराऐवजी वीस फूट. सर्व्हिसची मागची रेषा मात्र अडीच फूट आत येते, त्यामुळे सर्व्हिस करणाऱ्याला मोकळीक कमी. फूल इतक्या वेगाने येते की विचार करावयास अवसर नसतो. जोडीदार कोठे उभा असेल हे न पाहता ठाऊक असावे लागते. आक्रमण करताना एक पुढे, एक मागे. बचावाच्या वेळी दोघे शेजारी शेजारी. ज्वाला डावखुऱ्या, जाळ्याजवळ चतुर. अश्विनी पोन्नप्पा उजव्या हाताच्या आणि मागून जोरदार स्मॅश मारणाऱ्या. या दोन हातांच्या मिलाफातच त्या जोडीचे मर्म होते.

त्यापूर्वीचा काळ श्रुती कुरियन यांच्यासमवेतचा. २००२ ते २००८ अशी सलग सात वर्षे या दोघींनी राष्ट्रीय दुहेरीचे विजेतेपद आपल्याकडे राखले. मिश्र दुहेरीत व्ही. दिजू यांच्या साथीने ज्वाला २००९ साली वर्षअखेरच्या सुपर सिरीज अंतिम स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या.

१४ ऑक्टोबर २०१०. दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेचा शेवटचा दिवस. ज्वाला आणि अश्विनी यांनी सिंगापूरच्या जोडीला सरळ दोन गेममध्ये नमवून सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर सायना नेहवाल यांनी एकेरीचे सुवर्ण जिंकले. ते भारताचे अडतिसावे, आणि त्यामुळे सदतीस सुवर्णांचे इंग्लंड मागे पडून भारत दुसऱ्या स्थानी गेला. लोकांना अडतिसावे आठवते. सदतिसावे नसते तर अडतिसाव्याने काय साधले असते, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी विचारावा.

पुढील वर्षी लंडनमध्ये ते ऐतिहासिक कांस्यपदक आले. उपान्त्यपूर्व सामन्यात इंडोनेशियाच्या जोडीविरुद्ध पहिला गेम गमावून दोघींनी पुढचे दोन जिंकले. उपान्त्य फेरीत चीनच्या तियान छिंग आणि झाओ युनलेई यांनी त्यांना रोखले. जागतिक स्पर्धेत भारतीय महिलांचे हे पहिले पदक. त्याच वर्षी ज्वाला यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

२०१२ च्या ऑलिंपिकमध्ये त्या महिला आणि मिश्र अशा दोन्ही दुहेरी प्रकारांत उतरल्या.  महिला दुहेरीच्या गटात तीनपैकी दोन सामने जिंकूनही गुणफरकाच्या हिशेबात अवघ्या एका गुणाने त्यांची जोडी बाद झाली. मिश्र दुहेरीत यश लाभले नाही.

पुढचे वर्ष अधिक बोधप्रद आहे. इंडियन बॅडमिंटन लीग ही व्यावसायिक स्पर्धा २०१३ साली सुरू झाली. सहा प्रमुख खेळाडूंमध्ये ज्वाला आणि अश्विनी यांची नावे होती. परंतु लिलावाच्या वेळी महिला दुहेरीचा सामनाच वगळण्यात आला, त्याजागी पुरुष एकेरीचा आणखी एक सामना आला, आणि या दोघींची पायाभूत किंमत पन्नास हजार डॉलरवरून पंचवीस हजारांवर उतरविण्यात आली. जागतिक पदक मिळवून दोनच वर्षे झाली होती. ज्वाला यांनी उघडपणे नाराजी व्यक्त केली. पुढे त्या स्पर्धेतील एका वादावरून त्यांच्यावर आजीवन बंदीची शिफारस झाली आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने त्यांना खेळण्याची मोकळीक दिली. त्यांच्या स्पष्टवक्तेपणाविषयी मतभेद असू शकतात. किंमत निम्मी केल्याची वस्तुस्थिती मात्र मतावर अवलंबून नाही.

आणि मग मे २०१४, पुन्हा दिल्ली, उबेर चषक. सांघिक लढतीत तीन एकेरी, दोन दुहेरी. उपान्त्य फेरीत जपानविरुद्ध सायना आणि सिंधू यांनी आपापले एकेरीचे सामने जिंकले. ज्वाला आणि अश्विनी हरल्या, तिसरी एकेरीही गेली. बरोबरी झाली. निर्णायक पाचवा सामना दुहेरीचा, आणि त्यासाठी भारताला उभे करावे लागले ते सायना आणि सिंधू यांनाच! एकेरीच्या दोन श्रेष्ठ खेळाडू, परंतु जोडी म्हणून सराव नसलेल्या. भारत २–३ असा हरला. उबेर चषकातील भारताचे पहिले पदक, कांस्य, मिळाले हे खरेच. पण ज्या देशाने दुहेरीची एकच जोडी जोपासली, त्याला दुसरीची गरज पडली तेव्हा ती नव्हती. लिलावाच्या आकड्यांचा हिशेब एका वर्षात असा पुढे आला.

त्यानंतर ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०१५ साली कॅनडा ओपनचे विजेतेपद, २०१६ साली उबेर चषकाचे दुसरे कांस्य आणि रिओचे ऑलिंपिक. रिओत गटातील सर्व सामने हातचे गेले. वर्षे सरली होती, शरीर थकले होते. पुढे ज्वाला यांनी हैदराबादजवळ स्वतःची अकादमी काढली.

दुहेरीचे दिवस नंतर पालटले. आंध्रातील अमलापुरमचा सात्विकसाईराज रंकिरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांनी २०२२ साली जागतिक कांस्य आणि २०२३ साली हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी ते जगातील पहिल्या क्रमांकाची जोडी ठरले. अश्विनी पोन्नप्पा नव्या जोडीदारासह, तनिषा क्रास्टोसह, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत खेळत राहिल्या. चौतीस वर्षांच्या अश्विनीशेजारी उभी असलेली तनिषा एकवीस वर्षांची होती. ज्वाला आणि श्रुती यांनी राष्ट्रीय दुहेरीची मालिका सुरू केली तेव्हा ती जन्मलीही नव्हती.