कर्जबाजारी मालकाचे घर आणि त्यातले इतर हक्कदार

आजच्या गोव्यातला पेडणे महाल कायमचा पोर्तुगिजांकडे गेला तो १७८८ साली, आणि तो सोडून देणारा मालक अडचणीत होता. सावंतवाडीच्या खेम सावंतांना कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी होती. त्या मदतीच्या बदल्यात त्यांनी पेडण्यावरचा हक्क सोडला. डिचोली आणि सत्तरी त्याआधीच, १७८१-८२ मध्ये, सावंतांच्या हातून गेली होती. हे सारे व्यवहार राज्याराज्यांतले, तरी त्यांतून एक गोष्ट दिसते. वरचा धनी बदलला म्हणून खालचा माणूस घराबाहेर पडला नाही. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे या नव्याने मिळालेल्या मुलखातल्या, प्रजेचा धर्म आणि चालीरीती पाळण्याचे वचन पोर्तुगिजांनी दिले होते, आणि जमीन आली ती तिच्यावर राहणाऱ्यांच्या हक्कांसकट आली. गोव्यात अडलेल्या मालकाकडून घर विकत घेण्याचा इतिहास याच सूत्रावर उभा आहे, असे माझे म्हणणे आहे. येथे असा सौदा फक्त देणारा आणि घेणारा यांच्यात कधीच नव्हता. त्यात तिसरा माणूस नेहमी असे, आणि जेथे त्याचा हक्क मानला गेला तेथे त्या तिसऱ्या माणसानेच घरे वाचवली.

अडलेला माणूस घर विकतो तेव्हा पुष्कळदा तो विकत नसतो, कर्ज काढत असतो. कागदावर खरेदीखत, मनात मात्र पैसे फेडून घर परत घेण्याची आशा. देशावर या प्रकाराला मुदतखरेदी म्हणत आणि तिने किती शेतकरी बुडवले हे १८७५ साली उघड झाले. मे महिन्यात सुपे येथे उठाव सुरू झाला आणि पुणे व नगर जिल्ह्यांतल्या गावांत लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि न्यायालयांना कर्जव्यवहाराच्या मुळाशी जाण्याची मुभा मिळाली. गोव्याने दुसरी वाट धरली. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली, आणि तिने परत खरेदी करण्याच्या शर्तीवरची विक्री पुढच्या काळासाठी सरळ बंद केली. विकायचे तर विका, गहाण ठेवायचे तर गहाण ठेवा आणि त्याची नोंद करा. दोन्हींची सरमिसळ नको. ब्रिटिश मुलखात दंगल झाल्यावर जे सुचले ते येथे आधीच कायद्यात लिहिले गेले होते. कागदावरच्या बंदीने सावकारी थांबली असे कोणी म्हणणार नाही. पण अडलेल्याची विक्री संशयाने पाहावी, हे तत्त्व कायद्यात आले, हे मोठे होते.

त्याच संहितेने घरातल्या बाईला सौद्यात उभे केले. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, दोघांचा निम्मा-निम्मा वाटा, आणि स्थावर विकायचे तर दोघांची संमती हवी. १८८० च्या फर्मानाने गोव्यातल्या हिंदूंच्या काही रूढी राखून ठेवल्या, तरी हा सामाईक मालकीचा नियम गोमंतकीय कुटुंबाच्या कायद्याचा कणा राहिला. कर्ज नवऱ्याच्या डोक्यावर आणि घर दोघांचे, असा प्रसंग आला की बायकोची सही ही केवळ औपचारिक बाब राहत नाही. त्याच काळात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या हिंदू बाईला नवऱ्याने राहते घर फुंकले तर ते अडवण्याचा असा हक्क नव्हता. भावंडांचेही तसेच. वडिलांच्या मागे इन्व्हेंटरी होऊन वाटण्या झाल्या नसतील तर एका भावाने विकलेला हिस्सा म्हणजे अमुक खोली नव्हे. तो सगळ्या घरातला अविभक्त अंश. संहितेच्या १५६६ व्या कलमाने उरलेल्या सहमालकांना पहिली संधी दिली: परक्याला विकायचे असेल तर आधी आम्हाला विचारा, आम्ही त्याच किमतीत घेतो. कर्जात बुडालेल्या भावाचा हिस्सा यामुळे अनेकदा घरातच राहू शकला. २०१२ चा गोव्याचा वारसाहक्क कायदा २०१६ च्या डिसेंबरात अमलात आला. तोही या परंपरेतूनच आलेला आहे.

पेडणे आणि डिचोलीत मात्र खरा तिसरा माणूस होता मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या, जमीनदाराच्या, जागेत घर करून राहणारा. देशप्रभूंसारख्या मोठ्या भाटकार घराण्यांच्या जमिनींवर शेकडो कुटुंबे राहत. जमीन भाटकाराची, तिच्यावरचे मातीचे घर राहणाऱ्याने स्वतःच्या हातांनी बांधलेले. त्याने भाटाची, म्हणजे बागायतीची, राखण करावी, बोलावले की कामाला जावे, भाटकाराची मर्जी सांभाळावी. मर्जी गेली तर घर गेले. आता असा भाटकार कर्जात बुडाला आणि जमीन विकायला निघाला, तर विकले काय जात होते? कागदोपत्री माडांची बाग. वस्तुतः बागेतल्या चुली आणि तुळशीवृंदावनेही. गोव्यातल्या घरखरेदीच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा अन्याय मला येथे दिसतो: ज्याने भिंती घातल्या त्याचे सौद्यात नावच नाही. पोर्तुगीज काळात मुंडकारांसाठी नियम झाले, पण पक्के संरक्षण आले मुक्तीनंतर. मुंडकार संरक्षण कायदा १९७५ साली, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना झाला. जमीन कोणाच्याही हाती जावो, न्यायालयाच्या हुकूमनाम्यात जावो, मुंडकाराला या कायद्याखेरीज घराबाहेर काढता येत नाही; आणि घर, त्याखालची जमीन व भोवतालची ठरावीक जागा मामलेदारांकडे अर्ज करून विकत घेण्याचा हक्क त्याला मिळाला. या दोन तालुक्यांतल्या असंख्य कुटुंबांची ‘पहिली घरखरेदी’ ती हीच. आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो त्याच घराखालची जमीन.

यावर आक्षेप घेतले जातात, आणि ते फुटकळ नाहीत. पहिला असा की इतके हक्कदार मध्ये आले तर अडलेल्या मालकाला गिऱ्हाईकच मिळत नाही. मिळाले तर पडत्या भावाने. म्हणजे ज्याला वाचवायचे तोच नागवला जातो. यात तथ्य आहे. वारसांच्या सह्या जमेनात म्हणून कौले कोसळलेली, दारात झाड उगवलेली घरे गोव्यात वाटेवर दिसतात. पण भाव पडतो तो हक्कांमुळे नव्हे, हक्क निकाली न काढल्यामुळे. वाटणी झालेल्या, मुंडकाराची जागा वेगळी मोजून दिलेल्या मालमत्तेला योग्य भाव येतो. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: खरेदीदाराचा दोष काय? आयुष्याची पुंजी घालून पहिले घर घेणाऱ्याला न दिसणारे हक्क बांधून का घ्यावेत? उत्तर असे की हे हक्क बहुधा दिसतात, पाहणाऱ्याने पाहिले तर. एक-चौदाचा उतारा, नोंदणी कार्यालयातले जुने पोर्तुगीज दाखले, बोजाचा शोध, इन्व्हेंटरीचा निकाल, आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष जागेवर कोण राहते याची चौकशी. नुसत्या कागदावर विसंबणे किती महागात पडते हे २०२२ साली पुन्हा कळले. खोटे जुने दस्तऐवज करून जमिनी लाटल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. तेथे फसले ते बहुतेक मालक अनुपस्थित असलेल्या जागांवर. राहत्या माणसाचा हक्क जेथे जागता होता तेथे खोटा कागद चालवणे अवघड होते.

डिचोलीत या प्रश्नाला आपल्या डोळ्यांदेखत नवे रूप आले. शिरगाव, मुळगाव, लामगावच्या परिसरात खनिजाच्या जोरावर ट्रक घेतले गेले, बँकांची कर्जे उभी राहिली. २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. सुरू झालेले पुन्हा मार्च २०१८ मध्ये बंद पडले. हप्ते मात्र थांबले नाहीत. असा कर्जदार घर विकू लागतो तेव्हा घेणाऱ्यासमोर दोन वाटा असतात. बँकेने २००२ च्या कर्जवसुली कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन ताबा घेतला असेल तर पावणीत, म्हणजे लिलावात, ‘आहे तसे, आहे तेथे’ या अटीवर घर मिळते. आत कोण राहते, वारस किती, ही काळजी घेणाऱ्याची. मालक स्वतः विकत असेल तर १९२० चा नादारी कायदा लक्षात ठेवायला हवा. विक्रेता पुढे नादार ठरला, तर त्याआधीच्या दोन वर्षांत त्याने केलेले हस्तांतर रद्द होऊ शकते; योग्य मोबदला देऊन सद्भावनेने घेणारा तेवढा सुटतो. म्हणजे कवडीमोलाने मिळालेले घरच सगळ्यांत कच्चे असते. शक्य असेल तर बँकेला सौद्यात बसवावे, पैसे तिच्या कर्जखात्यात थेट भरावेत, बोजा उतरल्याचा कागद घेतल्यावरच खरेदीखत करावे, आणि पतीपत्नी दोघांच्या सह्या व सहमालकांची लेखी संमती त्याच दिवशी घ्यावी.

मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि पेडण्याच्या जमिनीला बाहेरचे गिऱ्हाईक आले. मामलेदारांसमोर मुंडकारांचे अर्ज वर्षानुवर्षे पडून आहेत, आणि भाटकाराची अडचण व बाहेरचा पैसा यांच्या घाईत हेच अर्ज मागे पडतात. ते आधी निकाली निघायला हवेत, जमीन विकली जाण्यापूर्वी; कारण विक्रीनंतर मुंडकाराला हक्क मागावा लागतो तो अनोळखी, सधन आणि पणजी-मुंबईचे वकील परवडणाऱ्या मालकाकडे.